तपकिरी कोटाचं माप

१

टाचणीला टाचणी हे नाव तिच्या आईनं ठेवलं. अंगानं काडी आणि स्वभावानं टोचरी, मग दुसरं काय ठेवणार? चाळिशी उलटली तरी नाव काही सुटलं नाही. फक्त त्या नावानं हाक मारणारं माणूस घरात उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. आता टाचणी म्हणणारा एकटा दादा, तोही दूरच्या शहरातून, फोनवर, आणि नेहमी घाईत.

मायलेकी दोघीही शिवणकाम करणाऱ्या. झटक्याआधी त्यांची कामाची वाटणी ठरलेली होती. आई माणसांत रमणारी, म्हणून ती गिऱ्हाइकांकडे जाऊन मापं घ्यायची. टाचणीला माणसांचा कंटाळा, म्हणून ती घरी बसून कापायची, शिवायची. आईला बारीक अक्षर दिसत नसे. वहीत लिहिण्याऐवजी ती मापं फोनमध्ये बोलायची आणि तिथल्या तिथं टाचणीला पाठवायची. आधी गिऱ्हाइकाला सांगताना तिचा आवाज येई, "सरळ उभं राहा. हात खाली सोडा. श्वास रोखू नका." माप घेताना लोक उगाच पोट आत ओढतात, त्याची तिला भारी चीड. मग, "तपकिरी कोट. बँकेतला उंच माणूस. छाती अडतीस, खांदा साडेसतरा, बाही पंचवीस." बस्स. चौदा सेकंद.

असे सातशे बारा व्हॉइस मेसेज टाचणीच्या फोनमध्ये होते. त्यातलं एकही माप आता कामाचं नव्हतं. माणसं सुटली होती, वाळली होती, काही तर गेलीही होती. पण आईचा आवाज जगात दुसरीकडे कुठंच नव्हता, म्हणून टाचणीनं त्यातला एकही पुसला नव्हता.

त्या सोमवारी सकाळी तिनं नेहमीसारखं आईचं अंग पुसलं, पाठीला पावडर लावली, निळा गाऊन चढवला आणि बाही मनगटापर्यंत ओढली. बाही मनगटावर थांबली नाही. ती बोटांच्या पेरांपर्यंत आली.

"अगं, मागच्या आठवड्यातच तर इंचभर आत घेतली होती," टाचणी म्हणाली. आईनं डाव्या हाताचं बोट पलंगाच्या कठड्यावर एकदा वाजवलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, एवढीच आता दोघींची भाषा होती.

कापड धुऊन धुऊन सैल पडलंय, असं टाचणीनं स्वतःला सांगितलं. बाहीला दोन टाके घातले आणि मशीनवर जाऊन बसली. शिवणाऱ्या बाईला दोष आधी कपड्यातच दिसतो.

२

मशीनवर बसते न बसते तोच फोननं टुणकन आवाज केला. फोनची जागा संपत आली आहे. त्याच्या खाली दुसरी सूचना होती, आणि ती जास्त वाईट होती.

टाचणीला काम मिळायचं एका मोठ्या कापड दुकानाकडून. पँट आखूड करा, कोट आत घ्या, चेन बदला, असली कामं. कुणाचं काय करायचं ते दुकान आपल्या अ‍ॅपवर पाठवी आणि टाचणी झाल्याचा फोटो त्यावरच चढवी. आता अ‍ॅप म्हणत होतं की पुढच्या सोमवारपासून जुनी आवृत्ती बंद. नवी घ्यायची तर आधी सबंध फोन अपडेट करा. अपडेटला तीन जीबी जागा लागेल. तुमच्याकडे शून्य आहे.

दुकानाचं काम गेलं तर नुसतं काम जाणार नव्हतं. आईला झटका आला तेव्हाच दादानं सांगून ठेवलं होतं, "तू घरी बसून काम करतेस तोवर आई तुझ्याजवळ राहू दे. तुला बाहेर पडावं लागलं की मात्र तिला केंद्रात ठेवायचं. मी काही ऐकणार नाही." ते केंद्र टाचणीनं एकदा पाहिलं होतं. स्वच्छ होतं. एका ओळीत बारा पलंग होते आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

ती कंबर कसून फोनमधलं पुसायला बसली. शिवलेल्या पँटींचे, उसवलेल्या कोटांचे, टेप लावून काढलेल्या बाह्यांचे हजारभर फोटो होते. ते सगळे गेले. दादाच्या लग्नाचा व्हिडिओ गेला. तसाही त्यात कॅमेरा जास्त वेळ जमिनीकडेच होता. दुपारपर्यंत सव्वातीन जीबी मोकळी झाली. तिनं 'अपडेट करा' दाबलं, चहा टाकायला उठली आणि परत येऊन पाहते तो पुन्हा शून्य.

तिनं पुन्हा पुसलं. नकाशे गेले, खेळ गेले, रेडिओ गेला. तासाभरात पुन्हा शून्य. ओतावं तेवढं पिऊन टाकणाऱ्या वाळूसारखा तो फोन सगळं गिळत होता. शेवटी तिनं जागा कुठं जाते ते उघडून पाहिलं. फोटो नव्हतेच आता. अ‍ॅप थोडे. आणि ऑडिओ, सव्वीस जीबी.

ऑडिओ म्हणजे आई. सातशे बारा चौदा-चौदा सेकंद. ते सगळे मिळून गाण्याच्या दोन कॅसेटींएवढे व्हायला हवे होते. यादी उघडून तिनं बोट वर-खाली फिरवलं. सगळे चौदा, बारा, सोळा. एकच वेगळा होता. तपकिरी कोट, बँकेतला उंच माणूस. एकेचाळीस मिनिटं.

३

तिनं तो लगेच ऐकला नाही. आधी मशीनला तेल घातलं, जमिनीवरचे धाग्याचे तुकडे वेचले. मग स्वतःचाच राग आला आणि तिनं बटण दाबलं.

"सरळ उभं राहा. हात खाली सोडा. श्वास रोखू नका." मग छाती, खांदा, बाही. चौदा सेकंद झाले आणि आवाज थांबला. पण मेसेज थांबला नाही. पुढं शांतता होती, पण ती बंद पडलेल्या यंत्राची नव्हती. कुणीतरी असलेल्या खोलीची होती. लांब कुठंतरी पाणी टपकत होतं. कात्री काचेवर ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग आईचा आवाज पुन्हा आला, खणखणीत, कामात असताना यायचा तसा.

"दार. उंची सहा फूट चार. रुंदी दोन फूट दहा."

थोडी पावलं. आईची चप्पल फरशीवर घासायची तशीच घासत होती.

"खिडकी. चार बाय साडेतीन." पावलं. "खिडकी ते पलंग, तीन फूट दोन."

टाचणीनं आपल्या डोक्याला कामाला लावलं. आईनं एखाद्या गिऱ्हाइकाकडे पडद्याचं माप घेतलं असेल. फोन चालू राहिला असेल. दारं काय, सगळ्यांच्या घरी असतात. तिनं गळ्यातला टेप काढला आणि आईच्या खोलीत गेली. आई डोळे उघडे ठेवून तिच्याकडे पाहत होती. टाचणीनं दार मोजलं. सहा फूट चार. खिडकी मोजली. चार बाय साडेतीन. मग ती खिडकीपाशी वाकली, टेपचं टोक भिंतीला लावलं आणि दुसरं पलंगाच्या कठड्याला.

तीन फूट दोन इंच.

हा कठड्याचा पलंग झटक्यानंतर आणला होता. तो घरात आला तेव्हा आईची वाचा जाऊन अकरा दिवस झाले होते.

४

"तू दमलीयेस, टाचणे," दादा म्हणाला. "दुसरं काही नाही."

"तू ऐक तर एकदा. मी पाठवते."

तिनं तो मेसेज दादाला पाठवला. पलीकडं तो ऐकत असल्याचं कळत होतं. मागं वहिनी मिक्सर फिरवत होती. मग दादा परत बोलायला लागला आणि त्याचा आवाज जरा जपून आला.

"चौदा सेकंदांचा आहे. कोटाचं माप आहे."

"पुढं?"

"पुढं काही नाही. संपला." मागचा मिक्सर बंद झाला. "आईचा आवाज ऐकून बरं वाटलं, खरं सांगतो. पण टाचणे, हे सातशे मेसेज सांभाळून काय करणार आहेस तू? लोकांच्या ढुंगणांची मापं आहेत ती. पुसून टाक, अपडेट करून घे. मी नवा फोन पाठवतो, पण तो यायला दहा दिवस लागतील आणि तोवर तुझं काम बंद पडेल. आणि काम बंद पडलं तर... आपलं ठरलंय, माहितीये ना?"

"माहितीये."

"डॉक्टर येऊन गेले का?"

डॉक्टर मंगळवारी आले. आई फार आखडत चाललीये असं टाचणीनं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अंथरुणाला खिळलेलं माणूस आखडायचंच. स्नायू वापरात नाहीत ना." त्यांनी आईचा रक्तदाब घेतला. दंडाला बांधायचा पट्टा त्यांनी दोनदा आवळला, मग लहान मुलांचा पट्टा बॅगेतून काढला. तो बांधून आकडा लिहून घेतला आणि ते निघाले.

त्या दिवशी तिनं मन घट्ट करून सगळ्यात जुने दहा मेसेज पुसले. एका शाळेच्या शिपायाची पँट होती, एका गायिकेचा लांब झगा होता. जागा झाली, आणि अर्ध्या तासात गेली. तपकिरी कोट आता सहा तास वीस मिनिटांचा झाला होता.

५

बुधवारी ती शेवटाकडून ऐकायला लागली, म्हणजे सरकवून शेवटची काही मिनिटं तेवढी. आईनं घर मोजून संपवलं होतं. आता ती पलंगापाशी होती. आवाज खाली आला होता, गिऱ्हाईक अगदी समोर उभं असल्यावर येतो तसा.

"निळा गाऊन. पलंगावरची बाई. उंची चार फूट सात. बाही सोळा. मनगट साडेचार."

आई पाच फूट दोनची. टाचणीनं आयुष्यभर तिचे कपडे शिवले होते; ते माप तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माणूस आखडतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हाड आखडत नाही. खांद्यापासून मनगटापर्यंतचं हाड जेवढं असतं तेवढंच राहतं, शरीराबद्दल एवढं तर कपडे शिवणाऱ्या बाईलाही कळतं.

इतके दिवस ती गाऊन मोजत होती. आईला तिनं एकदाही टेप लावला नव्हता. आता लावला. खात्रीसाठी दोनदा लावला.

बाही सोळा. मनगट साडेचार. उंची चार फूट सात.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिला रडू कोसळलं. आईनं डावा हात बाहीतून बाहेर काढायला वेळ लावला. मग तो टाचणीच्या गुडघ्यावर ठेवला. हात लहान होता. नखं तीच होती, अंगठ्यावरचा सुईचा जुना व्रण तोच होता, आणि हात लहान होता.

"आई, फोनमध्ये तू बोलतेस?"

एक बोट, एकदा.

"तुला तिकडं कुणी नेतंय का?"

दोनदा.

"मग तू आपणहून जातेस?"

बोट बराच वेळ वर राहिलं आणि खाली आलंच नाही. आईला उत्तर माहीत नव्हतं, की द्यायचं नव्हतं, हे टाचणीला पुढंही कधी कळलं नाही.

"तिकडं तुला चालता येतं ना गं? मी पावलं ऐकली."

एकदा. आणि आईचं तोंड डाव्या बाजूनं हललं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती हसत होती, आणि टाचणीला तिचा इतका राग आला की ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

६

शुक्रवारी शेजारणीला तासभर आईपाशी बसवून ती कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेली. हा माणूस डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा आणि समोरच्याशी त्या भिंगातूनच बोलायचा.

"बत्तीस जीबीचा फोन आहे ताई तुमचा," तो म्हणाला. "आणि ही एक फाईल दाखवतीये त्रेपन्न जीबीची. असं मावतच नाही. बादलीत विहीर बसेल का?"

"पण दिसतंय ना?"

"दिसतंय खरं." त्यानं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. "ही फाईल पुसून टाकू? एका मिनिटाचं काम आहे."

"नाही!" ती एवढ्यानं ओरडली की दुकानातली दोन माणसं वळली. "नको. ती सोडून दुसरं काय करता येईल?"

"पूर्ण फोन कोरा करता येईल. पण मग ही पण जाईल. तुम्ही कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा ना."

"पाठवली. तिकडं चौदाच सेकंद पोचते."

तो हसणार होता, पण तिचं तोंड बघून हसला नाही. त्यानं फाईल चालू केली, मध्येच कुठंतरी, आणि फोन कानाला लावला. टाचणी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तो स्टुलावर जरा ताठ बसला. खांदे मागं गेले, हात मांडीवरून खाली सुटले. शाळेत बाईंनी सांगितल्यावर पोरं बसतात तसा. मग त्यानं फोन काउंटरवर ठेवला, पालथा.

"कोण आहे ही बाई?"

"माझी आई."

"अपडेट येऊ द्या," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "त्यानं होईल नीट. अपडेट शेवटी स्वतःची जागा स्वतःच करून घेतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. आणि पैसे राहू द्या, मी काही केलं नाही."

घरी आल्यावर तिनं आपोआप अपडेट होण्याचं बटण बंद केलं. संध्याकाळी पाहिलं तर ते चालू होतं. पुन्हा बंद केलं. बशा विसळून येईपर्यंत पुन्हा चालू. फोन बंद करून ठेवावा तर आत आई चालत होती. तो बंद केला की ती कुठं उभी राहणार, हा विचार डोक्यातून जाईना. आणि चालू ठेवावा तर इकडं पलंगावर ती रोज कमी होत होती. इकडे आड, तिकडे विहीर. टाचणी फोन चार्जरला लावून त्याच्याकडं पाहत बसली. तिला काहीही करता येत नव्हतं, आणि एवढं स्पष्ट कळणंसुद्धा कामाचं नव्हतं.

७

रविवारी गाऊन इतका मोठा झाला होता की टाचणीनं तो आत घ्यायचं सोडून दिलं आणि बाह्या नुसत्या दुमडून टाचल्या. आई डोळ्यांनी तिचं काम तपासत होती. एका ठिकाणी टाचणी तिरकी लागली तशी आईनं भुवई उंचावली. टाचणीनं ती काढून सरळ लावली. तेवढा वेळ दोघींना बरं वाटलं.

सोमवारी सकाळी आठला ती आईला चमच्यानं पाणी पाजत होती. शेजारच्या स्टुलावर फोन आपला आपण उजळला. त्याच्यावर कधी नव्हे ते पांढरंशुभ्र काहीतरी आलं, आणि मधोमध एक रिकामी पट्टी.

जागा करत आहोत. फोन बंद करू नका.

पट्टीत डावीकडून काळं भरायला लागलं. चार टक्के. नऊ टक्के.

टाचणीनं चमचा टाकला आणि आईचा हात धरला. म्हणजे बाही धरली, आणि बाहीच्या आत हात होता. दुसऱ्या हातात फोन होता आणि अंगठा बाजूच्या बटणावर. दहा सेकंद दाबून ठेवलं की फोन बंद पडतो. मध्येच बंद पडला तर आतलं काहीच वाचत नाही, हे मोबाईलवाल्यानं सांगायची गरज नव्हती. सबंध घर मोजून काढणारी, खणखणीत बोलणारी, चालणारी आई तिथं होती. आणि इथं, तिच्या मुठीत, आईचा हात होता. कोणती धरायची आणि कोणती सोडायची?

तेवीस टक्के. बाहीतला हात तिच्या मुठीतून मागं सरकला. ओढून घेतल्यासारखा नव्हे. हळूच, झोपेत हात काढून घेतात तसा. तिनं मूठ पुढं नेली, पुन्हा पकडला.

"आई, बंद करू का? सांग मला. बंद करू?"

आईचं बोट आता कठड्यापर्यंत पोचत नव्हतं. उत्तर कापडाच्या आतून आलं, टाचणीच्या तळव्यावर. एकदा. आणि पुन्हा एकदा.

नाही.

"मी एकटी काय करू गं मग?" ती म्हणाली. तिला आठ वर्षांची असल्यासारखं वाटलं, आणि तशाच आवाजात ती ते म्हणाली. अंगठा बटणावर होता. तिनं तो दाबला नाही. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की आईनंच नाही म्हटलं होतं. दोन वेळा वाजलं होतं. की हो आणि परत हो असं होतं ते, हे विचारायला तेव्हा वेळ नव्हता.

एकसष्ट टक्के. मुठीत आता नुसतं कापड होतं. कोपरापाशी काहीतरी होतं, मग तिथंही नव्हतं. टाचणीनं डोळे मिटून घेतले.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर फोन बोलला. कुठलाही मेसेज लावलेला नव्हता, तरी बोलला. आवाज जवळून आला, अगदी कानाशी, टेप गळ्यात टाकताना आई वाकायची तेवढ्या जवळून.

"टाचणे, आता तू. सरळ उभी राहा. हात खाली सोड."

पट्टी भरली. फोन काळा झाला.

८

परत सुरू झाला तेव्हा सगळं छान होतं. अक्षरं मोठी आणि स्वच्छ. दुकानाचं नवं अ‍ॅप उघडलं आणि त्यात सहा कामं येऊन पडलेली होती. मोकळी जागा, एकोणतीस जीबी.

दादाचा फोन आला. "झालं अपडेट?"

"झालं."

"बघ, उगाच घाबरत होतीस. आई कशी आहे?"

टाचणीनं पलंगाकडं पाहिलं. निळा गाऊन मानेपर्यंत बटणं लावलेला होता, दोन्ही बाह्या टाचलेल्या, सपाट. त्यावर तिनं मघाशीच चादर ओढली होती. पलंगाच्या मधोमध चादर जराशी उंच होती, एखादा शर्ट घडी करून ठेवावा तेवढीच. ती उंच होत होती आणि बसत होती. सावकाश, एका लयीत. टाचणीनं चादर वर केली नाही. तिच्यात तेवढी हिंमत नव्हती आणि ती येईल असंही तिला वाटलं नाही.

"झोपलीये," ती म्हणाली.

"झोपू दे. नीट काळजी घे."

फोन ठेवून तिनं मेसेजची यादी उघडली. तिला आत्ता, या क्षणी आईचा आवाज हवा होता. काहीही चाललं असतं, कुणाच्याही कमरेचं माप. यादी होती. एकूण सातशे दोन. तिनं पहिल्यावर बोट ठेवलं. दुसऱ्यावर ठेवलं. दहाव्यावर ठेवलं. मग तपकिरी कोटावर. सगळीकडं तेच आलं.

ही फाईल या आवृत्तीत उघडत नाही. पुढच्या अपडेटची वाट पाहा.

पुढचं अपडेट कधी, ते कुठंच लिहिलं नव्हतं. तिनं सगळीकडं शोधलं. पण तपकिरी कोटाच्या पुढचा आकडा थांबलेला नव्हता. तो तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता, सेकंदा-सेकंदानं. आत आई बोलत होती, मापं सांगत होती, आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

टाचणीनं डोळे पुसायला हात वर केला. मनगटाऐवजी गालाला कापड लागलं. तिनं हात समोर धरून पाहिला. हा कुर्ता तिनं स्वतःच्या हातानं बेतला होता, बाही मनगटाला बरोबर. ती बोटांच्या पेरांपर्यंत आली होती.

धुऊन सैल पडलं असेल, असं ती या वेळी म्हणाली नाही.

तिनं फोन स्टुलावर उभा करून ठेवला, पडदा आपल्याकडं. खोलीच्या मधोमध, खिडकी आणि पलंग यांच्यामधल्या तीन फूट दोन इंचांत ती उभी राहिली. पाठ ताठ केली. हात खाली सोडले. श्वास रोखला गेला होता. आईला चीड येईल म्हणून तिनं तो सोडला. आणि ती वाट पाहू लागली.